‘मेंदू आकसला’ असं रिपोर्टात आलं तर…

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



दुपारची भांडी उरकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी डाळ निवडायला घेतली असेल, कुणाच्या मांडीवर गोधडी असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी. गावोगावच्या बैठकांना जातो, वह्या तपासतो, कर्जाचे अर्ज वाचतो. अलीकडे दवाखान्यासाठी जे कर्ज मागितलं जातं त्यात एक कारण सारखं दिसतं, ‘डोक्याचा एमआरआय’. अर्जाला कधी कधी रिपोर्टही जोडलेला असतो, सगळा इंग्रजीत. घरातलं शिकलेलं पोरगं मोबाइलवर एकेका शब्दाचा अर्थ बघतं. त्यात ‘ॲट्रॉफी’ असा शब्द सापडतो. ॲट्रॉफी म्हणजे आकसणं, झिजणं. मग चुलीपासून पारापर्यंत एकच बातमी होते, ‘म्हातारीचा मेंदू सुकला.’

आज आम्ही या एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. हात थरथरणं, अंग ताठरणं, चालताना पडणं, हात न ऐकणं अशा हालचालीच्या आजारांत मेंदूचा फोटो काय सांगतो, काय सांगत नाही, आणि त्यावरून घरानं काय ठरवावं, काय ठरवू नये, ते बघू. आम्ही डॉक्टर नाही. मेंदूच्या डॉक्टरांना शिबिरात विचारून आणि आजारी माणसांच्या घरी जाऊन जे समजून घेतलं तेच सांगतो. तपासणी आणि औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

फोटो कशाचा निघतो?

डोक्याचा साधा एक्स-रे काढला तर कवटीचं हाड दिसतं, आतला मेंदू दिसत नाही. १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. ती रुग्ण एक बाई होती, आणि तिच्या मेंदूतली गाठ त्या फोटोत दिसली. सीटीमध्ये एक्स-रेच वापरतात, पण तो चहूबाजूंनी घेतात आणि संगणक त्यातून कलिंगडाच्या कापांसारखे काप तयार करतो.

एमआरआय त्यानंतर आला. त्यात एक्स-रे नसतो, फार मोठ्या ताकदीचं लोहचुंबक असतं. आपल्या मेंदूत पुष्कळ पाणी आहे. चुंबक आणि रेडिओच्या लहरी मिळून त्या पाण्याकडून खुणा गोळा करतात आणि संगणक त्यावरून चित्र काढतो. या लहरी म्हणजे, ज्यांच्यावरून आत्ता आमचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, त्याच जातीच्या.

आता मेंदू कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वरच्या थराला डॉक्टर ‘कॉर्टेक्स’ म्हणतात. आपण त्याला मेंदूची साल म्हणू. ही साल दोन ते चार मिलिमीटरच जाड असते, आणि सपाट नसते. उसाच्या रानासारखा सगळा सरी-वरंबा असतो. हाताला हुकूम देणं, हातात काय आलंय ते ओळखणं, बोलणं, आठवणं, हिशेब करणं ही कामं या सालीतल्या पेशी करतात. पेशी मेल्या की वरंबा बारीक होतो आणि सरी रुंद होते. फोटोत डॉक्टर बघतात ते हेच.

दुसरी खूण चिंचेवरून कळेल. कोवळ्या चिंचेचं टरफल गराला घट्ट चिकटलेलं असतं. चिंच गाभुळली की आतला गर आकसतो आणि टरफल सुटतं, मधे पोकळी राहते. मेंदू आकसला तर कवटी काही लहान होत नाही. मधे जागा राहते आणि मेंदूभोवती जे पाणी मुळातच असतं ते त्या जागेत भरतं. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्याही मोठ्या दिसतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. वयाबरोबर थोडं आकसणं सगळ्यांच्याच मेंदूत होतं. तुमच्या-आमच्याही होणार. सत्तरीच्या माणसाच्या रिपोर्टात ‘एज रिलेटेड’ म्हणजे वयानुसार आकसणं असं लिहिलेलं असतं तेव्हा ते पांढऱ्या केसांसारखंच समजायचं. अशा फोटोची कितीतरी म्हातारी माणसं घरचा कारभार नीट बघतात. म्हणून ‘आकसलंय का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘वयाच्या मानानं जास्त आहे का, आणि कुठल्या भागात आहे?’ असं डॉक्टरांना विचारा. हालचालीच्या आजारात ‘कुठे’ याला फार महत्त्व आहे.

फोटो स्वच्छ, तरी आजार खरा

पुष्कळांत आढळतो तो पार्किन्सन, आपण कंपवात म्हणतो तो. हात मांडीवर ठेवला असताना थरथरतो, बहुतेक वेळा आधी एकाच बाजूचा. हालचाल मंदावते. पावलं आखूड पडतात, चालताना हात हलत नाही. आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जातं, चेहऱ्यावरचं हसू दिसेनासं होतं. वास कमी होणं आणि बद्धकोष्ठ तर कित्येकदा काही वर्षं आधीपासून असतं.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचं वर्णन आहे, आणि त्यातली काही तर त्यांनी रस्त्यानं जाताना नुसती बघितली होती. तेव्हा ना सीटी होता ना एमआरआय. चाल, थरथर आणि वाकलेली पाठ बघून त्यांनी आजार ओळखला. आजही पार्किन्सनचं निदान मुख्यतः डॉक्टरांच्या नजरेनं, हातानं आणि घरच्यांना विचारूनच होतं.

कारण सुरुवातीच्या वर्षांत पार्किन्सनच्या माणसाचा साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. मेंदूच्या देठात गडद रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा आहे. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्याच्या जोरावर हालचाल सहज होते. या पेशी कमी होत जातात, पण मेंदूचा आकार बाहेरून शाबूत राहतो. कणगीतल्या ज्वारीला आतून कीड लागली तरी कणगी बाहेरून आहे तशीच दिसते, तसं.

एका गावात गटातल्या ताईंच्या दिरांचं असंच झालं. एमआरआय नॉर्मल आला आणि घरात ‘काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे’ असं सुरू झालं. वहिनी मात्र रोज बघत होत्या. दूध काढताना त्यांची बोटं अडत होती, ताटातला घास उचलायला वेळ लागत होता. वहिनींनी त्यांच्या चालण्याची मोबाइलवर शूटिंग घेतली आणि ती मेंदूच्या डॉक्टरांना दाखवली. तपासून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. काही आठवड्यांनी ते पुन्हा स्वतः धार काढू लागले. आजार गेला नाही, पण माणूस कामाला लागला आणि आळशीपणाचा डाग पुसला गेला.

या गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा. ती घड्याळ लावून वेळेवर घ्यायची असते. डाळ, दूध, अंडं अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर काहींना कमी लागू पडते, म्हणून जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. आणि ती मनानं एकदम बंद करायची नाही, त्यात धोका आहे. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो, म्हणून गोळी चालू असताना कुणाच्या सांगण्यावरून त्या बियांचं चूर्ण वरून घेऊ नका. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आकसणं कुठे, त्यावरून आजार कुठला

पार्किन्सनसारखे दिसणारे पण वेगळे असे काही आजार आहेत. त्यांत लेव्होडोपा फारसा लागू पडत नाही किंवा थोडे दिवसच पडतो. इथे फोटोची मदत होते.

पहिला आजार पीएसपी. टोरंटोच्या डॉक्टरांनी १९६४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात माणूस सुरुवातीपासूनच पडायला लागतो, आणि बरेचदा मागच्या मागे पडतो. नजर खाली वळत नाही, त्यामुळे पायरी दिसत नाही, ताटातलं दिसत नाही. घरचे चष्म्याचा नंबर बदलत राहतात. यात मेंदूच्या देठाचा वरचा भाग आकसतो. डोक्याचा उभा काप बाजूनं बघितला तर तो आकार लांब चोचीच्या पक्ष्यासारखा दिसतो. परदेशात त्याला हमिंगबर्डचं नाव दिलंय. तो पक्षी आपल्याकडे नाही, पण जास्वंदीवर येणारा शिंजीर आठवा. बारीक डोकं, लांब चोच आणि खाली गोल पोट, तसा.

दुसरा आजार एमएसए. यात उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम पडतो आणि चक्कर येते, लघवीचा त्रास होतो, तोल जातो. काहींच्या फोटोत मेंदूच्या देठावर बेरजेच्या चिन्हासारखी खूण दिसते. पण ती सगळ्यांत दिसत नाही. दिसली नाही म्हणून आजार नाही असं होत नाही.

तिसरा आजार थेट मेंदूच्या सालीचा, म्हणजे सरी-वरंब्याचाच आहे. नाव अवघड आहे, कॉर्टिकोबेसल. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांवरून त्याचं वर्णन छापलं. हा आजार कमी आढळतो, पण त्याच्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण खेड्यात याच आजाराला ‘बाहेरचं’ म्हटलं जातं.

यात बहुतेकदा एकच हात बिघडतो. हातात ताकद असते, तरी तो काम विसरतो. वेणी घालता येत नाही, बटण लागत नाही, भाकरी थापताना एक हात फिरतो आणि दुसरा नुसता पडून राहतो. डोळे मिटायला सांगून मुठीत नाणं दिलं तर काहीतरी लागतंय एवढं कळतं, पण नाणं आहे की किल्ली ते ओळखता येत नाही. काहींचा हात आपोआप वर जातो, आपलाच पदर धरून ठेवतो आणि सोडायला दुसऱ्या हातानं बोटं उघडावी लागतात. त्या बाईला स्वतःलाच वाटतं, हा हात माझा नाही.

मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. म्हणून डावा हात असा झाला असेल तर फोटोत उजवीकडचे वरंबे बारीक आणि सऱ्या रुंद दिसतात, दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट जास्त. दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघितल्या की आपल्यासारख्यालाही फरक दाखवता येतो.

इथेही फोटो अर्धंच सांगतो. असं एका बाजूचं आकसणं दुसऱ्या आजारांतही होतं, विस्मरणाच्या अल्झायमर आजाराचा एक प्रकारही असाच दिसू शकतो. म्हणून डॉक्टर ‘हाच आजार’ असं ठाम न सांगता ‘याची शक्यता जास्त’ म्हणतात. ते टाळाटाळ करतात असं समजू नका.

रिपोर्ट घेऊन मुलगा बैठकीला आला

आमच्या भागातल्या एका जुन्या गटाच्या पहिल्या अध्यक्षा, आता सत्तरीकडे झुकलेल्या आजी. गट सुरू झाला तेव्हा महिन्याला वीस रुपये बचत होती, तेव्हापासूनच्या सभासद. त्यांचा डावा हात असा वागू लागला. आधी लोक म्हणाले, लक्ष नाही. मग म्हणाले, नाटक करते. मग हात आपोआप उचलला जायला लागला तेव्हा घरच्यांनी देवऋषी गाठला. अंगारा झाला, उतारा झाला, कोंबडं झालं. एकदा तर ‘हातातलं काढायला’ म्हणून त्या हाताला चटका दिला.

सुनेनं हट्ट धरला आणि त्यांना शहरात नेलं. एमआरआय झाला. रिपोर्ट आला आणि थोरला मुलगा तो घेऊन थेट गटाच्या बैठकीला आला. म्हणाला, “डॉक्टरांनी लिहून दिलंय, आईचा मेंदू आकसला. आता तिला काही कळत नाही. तिचं नाव कमी करा, साठलेली बचत माझ्याकडे द्या. अंगठा मी घेऊन देतो.”

बैठकीत शांतता पसरली. काही जणींनी मानही डोलावली. कागद इंग्रजी, शिक्का दवाखान्याचा, बोलणार काय? तेव्हा सचिव ताईंनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी आजींनाच विचारलं, “आत्या, या महिन्यात कुणाकुणाचे हप्ते राहिलेत?” आजी जरा थांबत थांबत बोलल्या, पण चार नावं आणि चार रकमा बरोबर सांगितल्या. वहीशी ताडून बघितलं. एक रुपयाचाही फरक नव्हता.

मग सून आणि आम्ही दोघी रिपोर्ट घेऊन पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म दिव्यावर लावून दोन्ही बाजू दाखवल्या. उजवीकडची साल झिजलेली, डावीकडची त्या मानानं बरी. ते म्हणाले, यांचा हात का ऐकत नाही ते या फोटोवरून समजतं. यांना व्यवहार कळतो की नाही ते फोटोवरून ठरत नाही, ते यांच्याशी बोलून तपासावं लागतं. तपासलं तर आज तरी कळतं. पुढे बोलणं, विचार करणं यावरही परिणाम होऊ शकतो, तेव्हा पुन्हा तपासू.

ते आम्ही गटात जसंच्या तसं सांगितलं. गटानं ठराव लिहिला की आजी सभासद राहतील, सही उजव्या हातानं करतील, बचत त्यांच्याच नावावर राहील. घरातही एक फरक पडला. फिल्म बघितल्यावर देवऋषी बंद झाला. हातात काही शिरलेलं नाही, मेंदूतली हुकूम देणारी जागा झिजली आहे, हे मुलाला डोळ्यांनी दिसलं. त्या फोटोनं आजी बऱ्या झाल्या नाहीत. या आजाराला बरं करणारं औषध आज नाही, आणि पुढच्या वर्षभरात त्यांचं चालणंही अवघड झालं. पण त्यांच्या अंगाला पुन्हा चटका लागला नाही.

तायांनो, म्हणून सांगतो. ‘ॲट्रॉफी’ या एका शब्दावरून कुणी वेडं ठरत नाही. तिची जमीन, तिची पेन्शन, तिची बचत तिचीच राहते. रिपोर्ट दाखवून कुणी अंगठा मागत असेल तर गटानं आधी त्या बाईशी बोलावं आणि डॉक्टरांना विचारावं. ज्येष्ठांना त्रास होत असेल तर १४५६७ हा सरकारी मदतीचा नंबर आहे, तो लिहून ठेवा.

फोटो काढायचं खरं मोठं कारण

मग पार्किन्सन फोटोत दिसत नसेल आणि बाकीच्यांना औषध नसेल तर एमआरआय काढायचाच कशाला, असं तुम्ही विचाराल. काढायचा, कारण अशीच लक्षणं देणारे काही आजार बरे होणारे असतात.

चिंचेचं उदाहरण पुन्हा आठवा. मेंदू आकसून मधे जागा झाली की मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. म्हातारं माणूस न्हाणीत हलकंसं पडलं, डोकं चौकटीला लागलं, तरी त्यातली एखादी फुटते आणि आठवडेच्या आठवडे थेंब थेंब रक्त साठतं. तोपर्यंत पडल्याचं सगळे विसरलेले असतात. मग माणूस मंदावतं, एक पाय ओढतं, झोपाळल्यासारखं राहतं. हे साध्या सीटी स्कॅनमध्येही दिसतं, आणि छोट्या ऑपरेशननं रक्त काढलं की बहुतेक माणसं सुधारतात. लक्षणं वाढत असतील तर यात वेळ घालवू नये.

दुसरा प्रकार म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणं. पाय जमिनीला चिकटल्यासारखं चालणं, लघवी न थांबणं आणि विसरभोळेपणा, ही तिन्ही एकत्र दिसली तर डॉक्टरांना सांगा. आकसल्यामुळे पोकळी मोठी झाली की पाणी साठून झाली, ते फोटो बघून तज्ज्ञ ठरवतात. योग्य रुग्णात नळी बसवून ते पाणी पोटात उतरवतात आणि चाल सुधारू शकते.

तरुण मुलामुलीला थरथर सुरू झाली तर विल्सन नावाच्या आजाराची तपासणी करायची. यात शरीरात तांबं साठतं. रक्ताच्या, लघवीच्या आणि डोळ्यांच्या तपासणीतून तो ओळखता येतो. लवकर कळला तर औषधानं आटोक्यात येतो.

आणि एक कारण कुठल्याच साध्या फोटोत दिसत नाही. ते तुमच्या गोळ्यांच्या डब्यात असतं. उलटी, पित्त, गॅस, चक्कर यांसाठीच्या काही गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पार्किन्सनसारखाच त्रास होतो. नावं सांगतो, लिहून घ्या: लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन. पित्ताच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असं होतं. औषध बदललं की हा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत-महिन्यांत उतरतो. पण स्वतः होऊन काही बंद करायचं नाही, मानसिक आजाराची गोळी तर मुळीच नाही. घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता, रिकामी झालेलीसुद्धा.

एमआरआयला जाताना

चुंबक सतत चालू असतं, मशीन बंद दिसलं तरी. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, बांगड्या, नथ, आकडे, पिना सगळं घरीच काढून ठेवा. जोडवी घट्ट बसली असतील तर आदल्या दिवशी साबण लावून काढा. हे तपासणीपुरतं आहे, त्यात अशुभ काही नाही. जरीची साडी नको, तिथे गाऊन देतात. हृदयाला पेसमेकर असेल, ऑपरेशनमध्ये क्लिप किंवा सळई टाकली असेल, तांबी बसवली असेल, दिवस गेले असतील किंवा वेल्डिंगच्या कामात डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगा. अंगावर गोंदण असेल तेही सांगा, क्वचित त्या जागी गरम लागतं.

आत बोगद्यासारखं असतं आणि मोठा ठकठक आवाज येतो. साधारण अर्धा तास न हलता पडायचं असतं. कानाला बोळे आणि हातात बोलावण्याचं बटण देतात. ज्यांचं अंग फार हलतं त्यांना काही वेळा झोपेचं औषध देऊन फोटो काढतात. घरातलं विश्वासाचं माणूस बरोबर असू द्या.

फिल्म आणि सीडी जपून ठेवा. घडी घालू नका, चुलीच्या धुरात किंवा पत्र्याखालच्या उन्हात ठेवू नका. पुढे कधी दुसरा फोटो काढला तर जुना शेजारी ठेवूनच आकसणं वाढलं की नाही ते कळतं. डॉक्टर बदलला म्हणून लगेच नवा एमआरआय लागतोच असं नाही. जुनी फिल्म दाखवा आणि विचारा, “नव्या फोटोनं औषधात किंवा उपचारात काय बदलेल?” उत्तर समजलं तर जरूर काढा. त्याच पैशांत कधी कधी फिजिओथेरपी, न्हाणीतला आधाराचा दांडा, उंच खुर्ची आणि संडासला कमोड होतो, आणि पडणं टळतं. गटात अशा कर्जाचा अर्ज आला तर आम्ही हाच प्रश्न विचारायला सांगतो. कर्ज अडवायचं नसतं, पैसा कामी यावा एवढाच हेतू असतो. शासकीय योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

अजून एक हक्काची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे. जिल्हा रुग्णालयात तपासून दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र जमतात, व्यायाम शिकतात, एकमेकांना धीर देतात. ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन असतो. त्या महिन्यातल्या बैठकीत निदान पंधरा मिनिटं या विषयाला द्या.

आणि त्याआधी एक काम करा. तुमच्या गल्लीत कुणाची पावलं आखूड झालीत, कुणाचा हात मांडीवर थरथरतो, कोण सारखं मागे पडतं, कुणाला घरचे ‘सोंग करते’ म्हणतात, ते या आठवड्यात बघा. पडणं कधी सुरू झालं, कुठल्या बाजूनं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि आशाताईंना सांगा. डॉक्टरांपुढे फिल्मच्या जोडीला ते पानही ठेवा. मशीन अर्धा तास बघतं, तुम्ही वर्षानुवर्षं बघताय.

भाकरी वेळेवर खा, गोळ्या वेळेवर द्या, आणि म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोलत राहा. आमची रजा घेतो. नमस्कार.